विम्याला बदली गडी

बाबासो थोरातची पॉलिसी बंद पडली ती नंदकुमार एजंटच्या पायामुळं.

एकाच्या पायानं दुसऱ्याचा विमा कसा काय बंद पडतो, असं ऑफिसात बसणारा माणूस विचारील. पण कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीत विम्याचा हप्ता ही जाऊन भरायची नव्हे, कुणीतरी येऊन न्यायची गोष्ट होती. दर सहा महिन्यांनी नंदकुमार दाराशी स्कूटर लावायचा, चपला बाहेर काढायचा, कपभर चहा प्यायचा, पैसे घ्यायचा आणि आठ दिवसांनी पावती आणून द्यायचा. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एक दिवस तुर्भ्याला त्याची स्कूटर खडीवरून घसरली आणि लोकांना अपघाताची भीती घालून पॉलिशा विकणारा हा गृहस्थ मांडीत सळई घालून वर्षभर घरी पडून राहिला.

बाबासोनं पैसे डब्यात काढून ठेवले होते. रंगूबाई विचारायची, "आवं, हप्त्याचं काय?" तो म्हणायचा, "यील की त्यो." तो काही आला नाही, पण गावाकडून देवळाच्या कळसाची वर्गणी मागायला माणसं मात्र आली. पहिला हप्ता कळसाला गेला. दुसरा दाराच्या ग्रीलला. तिसऱ्या वेळी तर डबाच रिकामा होता. आपण काही बुडवत नाही, न्यायला कुणी येत नाही त्याला आपण काय करणार, असं बाबासोचं मन त्याला सांगायचं आणि तोही ते ऐकायचा.

१९९६ च्या ऑक्टोबरात, दसरा होऊन दोन दिवस झाले असताना, विम्याच्या ऑफिसचं पत्र आलं. नववीतल्या नंदिनीनं ते आईबापांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पॉलिसी बंद पडली होती. एकतीस तारखेपर्यंत थकलेले हप्ते भरले आणि डॉक्टरचा तब्येतीचा दाखला दिला, तर दंड माफ करून ती पुन्हा चालू होणार होती.

रंगूबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला.

"काशीच्या नवऱ्याचं बावीस दिस ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली.

काशी म्हणजे तिची धाकटी बहीण. तिचा नवरा साखर कारखान्यावर हमाल होता. पॉलिसी बंद पडून बावीस दिवस झाले आणि तो ट्रॅक्टरखाली सापडला. काशीला ऑफिसातून पैसे मिळाले नाहीत, नुसतं एक पत्र मिळालं. ते पत्र तिनं अजून पेटीत जपून ठेवलंय आणि ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. रंगूबाईनं बाबासोकडं असं बघितलं, की त्याला आपण आत्ताच ट्रॅक्टरखाली बसलोय असं वाटलं.

त्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले. रस्ता ओलांडताना ती त्याचा दंड धरायची. पंख्याखाली झोपू देईना, का तर पंखा पडेल. मासा आणला तर काटे काढून वाढायची. "एकतीस तारकंपतूर दम धरा," म्हणायची, "मग काय करायचं त्ये करा."

पैशाची सोय तिनं भिशीतून केली. पण तब्येतीची भिशी कुठं नसते, आणि बाबासोचं खरं दुखणं तिथंच होतं.

नंदकुमार काठी टेकत आला. "टेन्शन घेऊ नका, वैनी," तो सवयीनं म्हणाला. मग त्यानं फॉर्म आणि डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, म्हणून स्वतः यायला मात्र त्यानं हात जोडले. तो गेल्यावर नंदिनी पेन घेऊन बसली.

"बाबा, यातलं तुम्हाला कधी काही झालंय का? दमा, क्षय, हृदयविकार, मूळव्याध..."

"येवडं सगळं मला कवा व्हायचं? येळ कुटं हाय?"

"चक्कर किंवा बेशुद्धी?"

बाबासोनं तंबाखूची पुडी काढली, ती उलटसुलट करून बघितली. "न्हाई," तो म्हणाला.

खोटं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, धान्यबाजारात ट्रकवरून साखरेचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून उतरत होता. क्विंटलचं पोतं, वरून ऑक्टोबरचं ऊन. डोळ्यांपुढं आधी पिवळं झालं, मग काळं. पोतं एका बाजूला पडलं, बाबासो दुसऱ्या. मुकादम पिराजीअण्णा धावत आला आणि त्यानं आधी पोतं फुटलंय का ते बघितलं. त्याला तरी काय बोलणार, साखर व्यापाऱ्याची होती. टोळीतल्या गड्यांनी तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं बाबासोनं डोळे उघडले. हे घरी सांगू नका म्हणून त्यानं सगळ्यांना शपथ घातली. पण तेव्हापासून आपल्या काळजात काहीतरी बिघडलंय, असं त्याच्या मनानं घेतलं. रोज फळीवर पाऊल टाकण्याआधी तो छातीवर हात ठेवून बघायचा. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली की सगळं बाहेर येणार, दाखला मिळणार नाही आणि रंगूबाई काशीसारखी खुरपं घेऊन दुसऱ्याच्या रानात जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी टोळी गोणपाटावर भाकरी खायला बसली, तेव्हा त्यानं मन मोकळं केलं. अण्णानं शांतपणे कांदा फोडला.

"बाबासो, तुज्या गुडघ्याला सूज आल्ती तवा तुजी पोती कुणी उचलली?"

"शिवरामनं."

"टोळीत एकाचं अंग मोडलं तर दुसऱ्यानं पाठ द्यायची, ही रीत हाय. गाडी रिकामी झाल्याशी काम. पोतं कुणाच्या पाठीवरनं गेलं, त्ये शेट इचारतो का?"

"न्हाई."

"मग इमावाला तरी कशापाय इचारील? त्येला एक धडधाकट गडी बगायचाय. दावू की."

सगळ्यांच्या माना शिवरामकडं वळल्या. शिवराम वय वर्षं बत्तीस, उंची पावणेसहा फूट, डाव्या गालावर वाटाण्याएवढा तीळ. दोन क्विंटल पाठीवर घेऊन हसत चालणारा गडी. गावाकडं बायको आणि दोन लेकरं. आजवर त्यानं डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं.

"जातो की," तो भाकरी चावत म्हणाला. "आंगुळ करून जाऊ का तसाच?"

ही चोरी आहे, असं त्या अकरा जणांतल्या एकालाही वाटलं नाही. अडलेल्या गड्याला बदली द्यायची, एवढंच त्यांना माहीत होतं. संध्याकाळपर्यंत शिवराम सिमेंटच्या कट्ट्यावर खडूनं 'बाबासो थोरात' अशी सही गिरवत बसला.

दुसऱ्या दिवशी शिवराम वर दवाखान्यात गेला आणि बाबासो खाली पानाच्या टपरीशी थांबला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. तासाभरानं शिवराम जिना उतरला. बुशकोटाची बटणं चुकीच्या काजात गेली होती.

"झालं का?"

"झालं कसलं! बाईमाणूस हाय रं! छाती फुगवा म्हनली, फुगवली, तर टेपच पुरंना. कागद बगून म्हनली, एकेचाळीसच्या मानानं तब्येत झ्याक राखलीया."

"मग?"

"मग दंडाला फडकं गुंडाळलं आन् फुसफुस हवा भरली. तीनदा. झोपवून एकदा. म्हनली, एकशे नव्वद हाय."

"म्हंजी चांगलं का वाईट?"

"शंबरातलं एकशे नव्वद, म्हंजी चांगलंच असंल," शिवराम म्हणाला. "पर तिचा चेहरा काय चांगला न्हवता. दाखला आज देत न्हाई म्हनली. मीठ खाऊ नगा, वज्जं उचलू नगा, ही गोळी घ्या, उद्या सकाळी परत या. मला वाटतं यंतर बिगाडलंय." त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली गोळी काढली आणि बाबासोच्या हातावर ठेवली. "घे. तुजी हाय."

"माजी कशी?"

"पुडीवर तुजं नाव हाय की."

बाबासोनं पुडी बघितली. नाव त्याचंच होतं. त्यानं ती मुकाट्यानं खिशात टाकली.

उद्या पुन्हा शिवरामला पाठवून उपयोग नव्हता, यंत्रानं त्याच्यावर डूख धरला होता. आता बाबासोनंच बाबासो म्हणून जायचं, असं टोळीनं ठरवलं. एकच अडचण होती. बाईंनी शिवरामच्या तोंडाकडं बघून ओळखीची खूण लिहून घेतली होती. डाव्या गालावर मोठा तीळ.

तीस तारखेला सकाळी रंगूबाई पाणी भरून आली, तर नवरा आरशासमोर उभा राहून तिची काजळाची डबी उघडून गालाला काजळ लावत होता. हंडा तिच्या कमरेवरून जवळजवळ सुटलाच.

"ह्या वयात?" ती म्हणाली. "कोन हाय ती?"

"कोन बी न्हाई! तीळ काडतोय."

"कुणासाटी?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. चक्कर, शपथ, शिवराम, तीळ, एकशे नव्वद. रंगूबाई खाली बसून ऐकत होती. शिवरामला बदली पाठवला हे ऐकून तिला काहीच वाटलं नाही. चक्कर ऐकल्यावर मात्र तिचे डोळे भरले.

"बाराशे मानसांत पडलासा, आन् मला सांगावं वाटलं न्हाई? मी काय शेजारीन हाय?"

"तू घाबरली असतीस."

"मग घाबरले असते! त्येच्यासाटीच तर लगीन केलंय!" तिनं पदरानं डोळे पुसले, उठली आणि त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "आन् हे काय? शिवरामचा तीळ डाव्या गालाला हाय, तुमी उजव्याला काडलाय."

बाबासोनं आठवून बघितलं. शिवराम समोर बसला की तीळ ह्याच बाजूला दिसायचा. रंगूबाईनं उजवा तीळ थुंकी लावून पुसला, डावीकडं नवा काढला आणि त्याच्या उंच टाचेच्या चपला पुढं सरकवल्या. शिवरामपेक्षा तो पाच बोटं बुटका होता, हे दोघांनाही माहीत होतं. ती स्वतः त्याच्याबरोबर निघाली.

डॉक्टर ऋता गुप्ते पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फॉर्म बघितला, बाबासोकडं बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला. दवाखान्यात पंखा होता, पण वीज गेली होती. बाबासोच्या कपाळावरून घाम निघाला, कानाजवळून गालावर आला आणि तिळाला घेऊन हनुवटीकडं निघाला. उजव्या गालावरही थुंकीनं न निघालेलं काळं पसरलं.

"काल एक तीळ होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज दीड झाला."

बाबासोनं हनुवटी पुसली, तर बोटं काळी झाली.

"आणि उंची एका रात्रीत तीन इंच कमी झाली. तुम्ही कोण?"

"बाबासो थोरात," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचं नाव खोटं वाटलं.

"मग काल आला होता तो कोण?"

"त्यो बी बाबासोच हुता, बाई," रंगूबाई मध्येच म्हणाली, "पर त्यो बदली."

बाईंनी चष्मा काढला. आता पोलीस बोलावणार, असं बाबासोला वाटलं. पण बाईंनी दुसरंच विचारलं. "त्यानं काल गोळी घेतली का?"

बाबासोनं खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही बगा. माज्या नावाची हुती, म्हनून मला दिली."

बाई उभ्या राहिल्या. "कुठं आहे तो माणूस आत्ता?"

"मार्केटला. कामावर."

"काय काम करतो?"

"पोती उचलतो."

"त्याला पोत्याखालून काढा," बाई म्हणाल्या. "आत्ता. इतक्या प्रेशरनं डोक्यातली शीर फुटते, कळतंय का? माणूस उभ्या उभ्या जातो. त्याला चालवू नका, रिक्षानं आणा. विम्याचं आपण नंतर बघू."

नवराबायको रिक्षानं तुर्भ्याच्या बाजाराकडं निघाले. आपण आपल्या जिवाची बदली म्हणून ज्याला पाठवलं, तोच जीव जायला बसलाय, हे बाबासोला सोसत नव्हतं. गेटवर उतरून तो पळत सुटला. उंच टाचेच्या चपला त्यानं वाटेत काढून हातात घेतल्या.

गव्हाची गाडी लागली होती. शिवराम पाठीवर पोतं घेऊन ट्रकवरून फळीवर पाय टाकत होता. तोंड लालबुंद झालं होतं.

"शिवराम, ठेव त्ये पोतं!"

"आलोच. येवडी चार टाकतो."

फळी एका माणसापुरती. पोतं पाठीवर असताना शिवरामला वळता येत नव्हतं आणि तिथंच टाकलं तर फळीसकट तो खाली गेला असता. बाबासो अनवाणी फळीवर चढला, त्याच्यापुढं जाऊन पाठमोरा झाला आणि वाकला.

"टाक माज्या पाठीवर."

"तू चक्कर यून पडशील!"

"पडलो तर मी पडीन. टाक, म्हंतो ना!"

शिवरामनं पोतं सरकवलं. ओळखीचं ओझं मानेवर बसलं. बाबासोनं डोळे मिटून घेतले, पिवळं यायची वाट बघितली. आलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि एकेक पाऊल टाकत निघाला. तोवर रंगूबाई धापा टाकत गाडीपाशी पोचली होती आणि नवऱ्याला फळीवर बघून तिनं अख्खा बाजार डोक्यावर घेतला.

"आवं, खाली ठेवा त्ये! इमा अजून चालू झाला न्हाई!"

गाळ्यातले शेट बाहेर आले. बाबासोनं पोतं थप्पीवर नीट लावलं, मगच मागं वळला.

शिवराम यायला तयार होईना. मला काही झालं नाही, नुसतं डोकं दुखतंय, ते तर दोन वर्षं दुखतंय, म्हणाला. मग अण्णानं खूण केली. चार गड्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरला आणि पोतं उचलावं तसा उचलून रिक्षात घातला. रंगूबाई शेजारी बसली आणि दवाखान्यापर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी शिवरामला औषध देऊन आतल्या खाटेवर झोपवलं. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. कालचा फॉर्म फाडला. "हा गुन्हा आहे. पुन्हा केलात तर मीच पोलिसांत देईन," त्या म्हणाल्या. मग नवा कागद पुढं ओढला. "या इकडं. तोंड धुऊन या आधी."

त्यांनी बाबासोला वजनावर उभं केलं, छाती मोजली, दंडाला पट्टा बांधला, नळी लावून पाठपोट ऐकलं. रंगूबाई दारात उभी राहून बाईंच्या चेहऱ्यावरचं वाचायला बघत होती.

"तुम्हाला काय झालंय म्हणता?"

"चक्कर आल्ती. पोतं घिऊन पडलो."

"त्या दिवशी काय खाल्लं होतंत?"

"खातूय कुटलं, बाई. नवरात्र हुतं. आठवा दिस. नुसतं पानी आन् चहा."

"आठ दिवस उपाशी राहून क्विंटलची पोती उचलत होतात? अहो, घोडासुद्धा पडेल. कुणी सांगितला होता हा उपास?"

बाबासोनं दाराकडं बघितलं. रंगूबाई छताच्या पंख्याकडं बघत होती.

"नवऱ्याला उदंड आविष्य मिळावं म्हनून," ती बारीक आवाजात म्हणाली.

बाईंनी हसू दाबलं आणि दाखल्यावर सही केली. काळीज ठणठणीत होतं.

एकतीस तारखेला नंदकुमार काठी टेकत वाशीच्या ऑफिसात त्यांच्याबरोबर आला आणि खिडकी बंद व्हायच्या आधी पावती हातात पडली. रंगूबाईनं ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "भरलाय हप्ता. आता तुमाला काय झालं, तर माज्याशी गाठ हाय." त्या दुपारी तिनं माशाचे काटे काढले नाहीत.

शिवराम आठ दिवस हॉस्पिटलात होता. परत आला तेव्हा ओझं उचलायला कायमची मनाई घेऊन आला. टोळीनं त्याला काढला नाही. थप्पीशेजारी बसून तो फुटलेली पोती दाभणानं शिवायचा. दोन क्विंटल उचलणारा गडी सुतळी ओवत बसतो, म्हणून आजूबाजूच्या टोळ्या हसायच्या आणि शिवराम मान वर करायचा नाही. दुपारी अण्णा "गोळी!" म्हणून हाक मारायचा, आणि शिवराम ती गिळेपर्यंत अकरांतला एकही गडी भाकरीला हात लावायचा नाही. त्याच्या वाट्याची पोती बाबासो उचलायचा. नवरात्राचा उपास रंगूबाईनं स्वतःकडं घेतला होता.

एप्रिलात हप्त्याची तारीख आली. नंदकुमारची वाट बघायची नाही, हे आता घरात ठरलेलं होतं. पण त्याच दिवशी बाजारात तांदळाच्या सहा गाड्या लागल्या. शिवरामनं दाभण गोणपाटात खुपसलं, हात पुसले आणि म्हणाला, "आन इकडं पैसं. हप्ता भराय काय ताकद लागत न्हाई."

वाशीच्या ऑफिसात तो दीड तास रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं कागद बघितला, मान वर केली.

"बाबासो थोरात तुम्हीच का?"

रांगेत मागं माणसं खोळंबली होती. शिवरामनं गालावरच्या तिळावरून हात फिरवला.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "मी शिवराम. बाबासो तितं माजी पोती उचलतोय."